दळवींची गच्ची, बुवांचा बैल

“सहा वर्षं झाली, बुवा, बाजाराचं तोंड पाहिलेलं नाही! सगळं घरचं, या हातचं. आता तरी ठेवून घेता ना मला मठीत?”

एवढं बोलून दळवींनी दम खाल्ला. मग त्यांना खरेपणाची उबळ आली.

“म्हणजे… मीठ सोडून. तेल सोडून. कोंबड्यांचा दाणा आणावा लागतो. आणि माती.”

“माती?” कोंडाजीबुवांनी एक डोळा उघडला. दुसरा अजून झोपेतच होता.

“गच्चीवर माती कुठली असणार? पोत्यांनी विकत आणली. पाच मजले, लिफ्ट नाही. या खांद्यावरून चढवली.”

“अरेरे! इथं फुकट पायाला लागते, तर आम्ही धुऊन टाकतो.”

दळवी हसले नाहीत. हसायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

रमाकांत दळवी म्हणजे शहरातले मोठे साहेब होते. निवृत्त झाले तेव्हा असेच एकदा मठीत आले, म्हणाले, इथंच राहू द्या. बुवा म्हणाले, “आधी आपल्या हातचं खायला शीक, मग ये.” साहेबाला वरून आलेला हुकूम मोडायची सवय नव्हती. त्यांनी गच्चीवर पिंपं मांडली, पिंपांत वांगी लावली, भेंडी लावली. बाल्कनीत कोंबड्या बसवल्या. न्हाणीघरात कचरा कुजवला. घरात पाऊल टाकायला जागा उरली नाही, तेव्हा बायको लेकीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, “आता कोंबड्यांशीच करा संसार.”

केला. कोंबड्यांची काही तक्रार नव्हती.

आज ते पहिल्या एसटीनं आले होते. हातात अंड्यांची टोपली. मठीचं दार सताड उघडं. तरी शहरी माणूस, कडी वाजवत उभे राहिले. शेवटी बुवाच आतून ओरडले, “अरे, उघड्या दाराला किती बडवशील!”

“तुम्हीच सांगितलं होतं, बुवा. आपल्या हातचं खा.”

“ते मी सगळ्यांनाच सांगतो. माणसं पुन्हा येत नाहीत. बरं पडतं.”

दळवींनी आपले हात पाहिले. बोटं साहेबाची राहिली नव्हती. शेतकऱ्याचीही झाली नव्हती.

“मग… माझं काय?”

“तू आलास. आता काय करणार? राहा. आजपासून राहा.”

साहेबांचा चेहरा उजळला. आणि लगेच पडला.

“आज? आज कसं… संध्याकाळचं पाणी चुकलं तर वांगी माना टाकतात. कोंबड्या कोंडायच्या असतात. मला चारची गाडी गाठायलाच हवी.”

“कुणी घालील की पाणी.”

“कोण घालणार? किल्ली तर माझ्याकडे आहे.”

त्यांनी खिसा चाचपून पाहिला. किल्ली होती. ती असते की नाही हे ते दिवसभर चाचपत असत.



तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “ओ बुवा, बैल नेते हो!”

शेजारच्या वावरातली गुणाबाई. उत्तराची वाट न बघता तिनं गोठ्यातला बैल सोडला, आणि जाता जाता तोंडही सोडलं.

“काय हो, याला चारा घालता का नुसतं भजन ऐकवता? माझा बिचारा ओढून ओढून मेला, आणि हा महाराज शेपूट हलवत चालतोय!”

“तुझ्याच संगतीनं बिघडला तो!” बुवा पडल्या पडल्या ओरडले.

“उद्या तुमच्या वावरात येते ना, तेव्हा बघते!”

बाई गेली. बैल गेला. धूळ मात्र बराच वेळ दारात रेंगाळली.

“बुवा, तिनं बैल नेला!”

“नेऊ दे. तिचा एक, माझा एक. कुळवाला जोडी लागते. आज तिच्या वावरात, उद्या माझ्या. सावड म्हणतात त्याला.”

दळवींना हे पटेना. सहा वर्षं ज्या माणसाचा फोटो भिंतीवर लावून पिंपांना पाणी घातलं, त्याच्या गोठ्यात अर्धीच जोडी!

“म्हणजे तुम्ही… स्वावलंबी नाही?”

“आहे असं कोण म्हणालं?”

दळवींनी दारातल्या धुळीकडे बोट केलं.

“आणि ही बाई रोज असंच बोलते?”

“रोज. लग्न होऊन आली तेव्हापासून.” बुवांनी कूस बदलली. आता तेही थकलेले दिसले. “कान किटले रे. वाटतं, एक दिवस तरी गप बसावं हिनं.”

“मग दुसरा बैल घ्या ना! सुटाल एकदाचे.”

“घेतला होता एकदा.”

“मग?”

“तिचा बैल दावणीला, माझे दोन वावरात. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाक मारली नाही. आठवडाभर कशी गार शांतता…”

“मग?”

“विकला.”

दळवींना एकदम आपली गच्ची आठवली. संध्याकाळची. टाकीचं टपटपणं, कोंबड्यांचं कुरकुरणं, आणि बाकी काही नाही.

“तुमचं बरं आहे, बुवा,” ते हळूच म्हणाले. “भांडायला का होईना, माणूस येतं.”

“तुझ्याकडे कुणीच येत नाही?”

“येते ना! खालच्या मजल्यावरची बाई. पिंपांचं पाणी तिच्या वाळवणावर गळतं. पहिल्या पिंपापासून मागं लागली आहे. सकाळ झाली की येते दार बडवायला.”

“मग काय म्हणतोस तिला?”

“मी उघडत नाही. नळ बंद करतो आणि आवाज न करता बसून राहतो. कोण तोंडाला तोंड देणार? जीव शिणलाय, बुवा. म्हणून तर इथं आलो.”

“नाव काय तिचं?”

दळवींनी आठवून पाहिलं. दारावरच्या पाटीचा रंग उडाला होता, एवढंच आठवलं.

“विचारलं नाही कधी.”

लांब वावरात गुणाबाई दोन्ही बैलांना एकाच शिवीत हाकत होती.

बुवा उठून बसले. आता त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. अंड्यांची टोपली त्यांनी उचलली, पदराखाली झाकून देतात तशी पंच्याच्या टोकानं झाकली, आणि दळवींच्या मांडीवर परत ठेवली.

“ही तुमच्यासाठी आणली होती, बुवा.”

“एवढी वर्षं ती बाई तुझं दार बडवतेय… आणि तू आलास माझं बडवायला?”