धनेशिणीची भिंत

सह्याद्रीतल्या एका खोल दरीत एक जुना बेहडा होता. त्याच्या बुंध्यात खूप उंचावर एक ढोली होती. फाल्गुन लागला तेव्हा त्या ढोलीत धनेश पक्ष्यांचे एक नवे जोडपे राहायला आले.

मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. घारीहून मोठा, काळापांढरा पक्षी, आणि चोच एवढी की वाटावे, ही दुसऱ्याच कुणाची मागून आणली आहे. तो उडाला की पंखांचा आवाज अर्ध्या दरीत ऐकू येतो. हूऽस, हूऽस.

या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. माती, आपलीच शीट, फळांचा गर, जे हाती लागेल ते चोचीने थापते. शेवटी एक उभी फट तेवढी उरते, नराची चोच आत येईल एवढी. मग तिचे जुने पंख गळतात. नवे फुटेपर्यंत आणि पिल्लू जरा मोठे होईपर्यंत ती त्या अंधारातच बसते. तिथे साप येत नाही, उदमांजर येत नाही. आणि खायचे काय? ते नर आणतो. तिने फक्त चोच पुढे करायची.

आपल्या या धनेशिणीचा संसार पहिलाच होता. तिचा धनेश मोठा कामसू. उजाडले की निघायचा, उंबराची फळे गळाभर आणायचा आणि फटीशी बसून एकेक काढून द्यायचा.

"घे. हे पिकलेलं आहे."

"अहो, किती आणता! तुम्ही खाल्लंत का?"

"वाटेत खाल्लं," तो म्हणायचा. दर वेळी ते खरे असायचेच असे नाही.

एवढी फळे तिला संपत नसत. पिकलेली ती खाई. जराशी कच्ची दिसली की फटीतून खाली टाकून देई. आणि उरलेला गर भिंतीला लिंपी. बसल्या जागी दुसरे काम तरी काय होते? आज एक थर, उद्या एक थर. भिंत एका विटेएवढी जाड झाली, मग दोन विटांएवढी.

"अगं, पुरे कर आता ते लिंपणं," धनेश एकदा म्हणाला. "चोच आत घालताना मान अवघडते माझी."

"जाड असलेली बरी. उदमांजराचा काय भरवसा?"

"तुझी ही भिंत पाहिली तर उदमांजरच घाबरून डोंगर सोडून जाईल."

ती खूप हसली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक थर चढवला.

त्याच झाडावर वरच्या फांदीत एक म्हातारे शेकरू राहत असे. शेपूट अजून झुबकेदार होते, पण पुढचा एक दात मोडलेला. धनेशिणीने टाकलेली उंबरे ते वेची आणि आपल्या घरट्यात नेऊन ठेवी.

"बाई," ते फटीशी येऊन म्हणे, "बरी आहेत की ही. दोन दिवसांत पिकतील. कोपऱ्यात ठेव."

"ठेवून काय करू, आजोबा? उद्या ताजी येतीलच."

"आणि नवे पंख फुटलेत ना? जरा हलवत जा. बसून बसून जड होतात."

"मला कुठे जायचंय?"

"मग काय, भिंतीला टांगायला फुटलेत?"

धनेशीण यावरही हसे. तेव्हा तिला हसू लवकर येई.

चैत्रात अंड्यातून पिल्लू बाहेर आले. वैशाखापर्यंत त्याच्या अंगावर पिसे दिसू लागली आणि भूक तर अशी वाढली की धनेशाचे दिवसभर येणे-जाणे चाले. मग एका सकाळी तो म्हणाला, "जवळचं झाड संपत आलं. आज डोंगरापलीकडच्या उंबरावर जातो. थोडा उशीर होईल."

"जपून या हो."

"येतोच," तो म्हणाला आणि गेला.

तो परत आला नाही. त्याचे काय झाले हे दरीत कुणालाच कळले नाही, म्हणून मलाही ते सांगता येत नाही.

त्या दिवशी धनेशीण फटीला डोळा लावून बसली. फटीतून उन्हाची एक बारीक रेघ आत येई. सकाळी ती ढोलीत उंचावर पडे, मग खाली सरकत सरकत तळाशी जाई आणि नाहीशी होई. रेघ इथवर आली की ते येतात, हे तिला पाठ झाले होते. रेघ आली. रेघ गेली.

"आई, बाबा आले?"

"येतील, बाळा."

दुसऱ्या दिवशी चार वेळा हूऽस हूऽस ऐकू आले. चारही वेळा तिने चोच फटीत घातली. आवाज जवळ येई, बेहड्यावरून जाई आणि पलीकडे विरून जाई. तो दुसऱ्या कुणाचा तरी धनेश होता, दुसऱ्या कुणाच्या तरी फटीकडे चाललेला. तरी पुढचा आवाज आला की तिची चोच आपोआप उठे.

तिसऱ्या दिवशी शेकरू खाली उतरले. तोंडात दोन उंबरे होती. ती त्याने फटीतून आत ढकलली.

"आजोबा, ही कुठून आणलीत?"

"तूच टाकलेली आहेत. मी ठेवली होती."

तिने दोन्ही पिल्लाला भरवली. शेकरू तिथेच बसून राहिले.

"बाई, भिंत फोड आता."

"नको."

"का नको?"

धनेशीण पिल्लाला पंखाखाली घेऊन बसली. मग म्हणाली, "मी भिंत फोडली आणि संध्याकाळी ते आले, तर? म्हणतील, हिला तीन दिवस धीर निघाला नाही."

"म्हणू दे की. आला तर दोन शब्द ऐकून घे. नाही आला तर?"

"आजोबा, भिंत फोडली की ते येणार नाहीत, असं मीच म्हटल्यासारखं होईल."

शेकरू फटीजवळ सरकले. त्यानेही कधी कुणाची वाट पाहिली असेल. ते हळूच म्हणाले, "हे बघ, मी तुला खोटं सांगत नाही. माझा दात धड असता तर ही भिंत मीच कुरतडली असती. पिल्लाचं पोट माझ्या दोन उंबरांनी भरणार नाही, आणि माझ्या घरट्यात आता दोनच उरलीत. उद्या ती आणीन. परवाचं मला ठाऊक नाही."

ते गेले. धनेशीण पुन्हा उन्हाच्या रेघेकडे बघत बसली.

चौथ्या दिवशी पिल्लाने बाबा आले का, असे विचारले नाही. ते भुकेने ओरडलेही नाही. आईच्या छातीशी मान टाकून नुसते पडून राहिले. तिने चोचीने हलवले, तेव्हा त्याने डोळे उघडले आणि परत मिटले.

धनेशीण उठली. तिने भिंतीवर पहिला घाव घातला.

मुलांनो, ती भिंत बाहेरून वैशाखाच्या उन्हात भाजून खापरीसारखी झाली होती. चोच दुखू लागली तरी एवढासाच टवका निघे. आणि प्रत्येक थर तिच्या ओळखीचा होता. हा लावला त्या दिवशी त्यांनी करवंदे आणली होती. हा लावला तेव्हा ते मान अवघडते म्हणाले होते. एका थराला उंबराचा वास आला. तिने तो टवका घाईने पिल्लाच्या तोंडाशी धरला. वास तेवढा उंबराचा होता, चव मातीची. पिल्लाने तोंड फिरवले. किती फळे आपण या भिंतीत घातली, हे तिला तेव्हा समजले.

थकली की ती चोच टेकून बसे आणि बसल्या बसल्या पंख हलवी. ते जड झाले होते. उघडताना कळ येई. एकदा, दोनदा, दहादा. मग पुन्हा भिंत.

दुपारी शेकरू शेवटची दोन उंबरे घेऊन आले. तिने एक पिल्लाला भरवले. दुसरे स्वतःच्या चोचीपर्यंत नेले, थांबली, आणि कोपऱ्यात ठेवले.

"हे याला सकाळी लागेल," ती म्हणाली.

शेकरूने मान हलवली. "फोड. मी इथंच बसतो. सोबतीला तेवढंच जमतं मला."

पाचव्या दिवशी सकाळी पिल्लाने ते उंबर खाल्ले आणि भिंतीला भगदाड पडले. लख्ख उजेड आत आला. पिल्लाने असा उजेड कधी पाहिला नव्हता. ते मागे सरकले.

"आई, तूपण चाललीस?"

"लवकर येते."

"बाबापण तसंच म्हणाले होते."

धनेशीण भगदाडापासून मागे फिरली. ती पिल्लाजवळ बसली, त्याच्या मानेवरची पिसे नीट केली. मग म्हणाली, "हे टवके पडलेत ना, ते तोंडात भिजव आणि हे भोक बुजवत राहा. चोचीपुरती फट ठेव. आणि पातळ लाव हं, तुला फोडता येईल एवढंच."

"मला येईल?"

"मलाही पहिल्यांदा येत नव्हतं."

ती बाहेर पडली. पडली म्हणजे खरोखरच पडली. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, तिथून तिसऱ्या.

"अगं, दोन्ही पंख एकदम हलवायचे असतात!" शेकरू वरून ओरडले.

"माहीत आहे मला!"

"माहीत आहे तर हलव की!"

तिने हलवले. वारा पंखांखाली आला. धापा टाकत, झाडाझाडावर बसत, ती जवळच्या उंबरापर्यंत पोचली. त्याच्यावर थोडीच फळे उरली होती, काही पिकलेली, काही अर्धी कच्ची. पण तिने आधी चोच लावली नाही. ती शेंड्यावर जाऊन बसली. तिथून पलीकडचा डोंगर दिसत होता, निळा आणि लांब. तिने एकदा हाक दिली. हाक दरीभर फिरली आणि तिचीच तिच्याकडे परत आली. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग खाली उतरली आणि फळे तोडू लागली. कच्चे-पिके तिने निवडले नाही.

परत आली तेव्हा पिल्लाने भोक बुजवत आणले होते. लिंपण वाकडेतिकडे होते, जागोजागी बोटे उमटावीत तशा चोचीच्या खुणा होत्या. पण मधली फट बरोबर राखली होती. धनेशीण फटीशी टेकली आणि तिने उंबर आत धरले.

फटीतून आत येणारी चोच पिल्लाला एकाचीच ठाऊक होती.

"बाबा!" आतून आवाज आला. "बाबा, तुम्ही आलात? आई तुम्हांलाच बघायला गेलीय."

धनेशिणीच्या चोचीत उंबर तसेच राहिले. वर शेकरूने तोंड फिरवून शेपूट विंचरायला घेतले.

"खा, बाळा," शेवटी ती म्हणाली. "मी आहे. आई."

आतले पिल्लू जरा मागे सरकले.

"मग बाबा?"

"तू आधी खा."

पिल्लाने उंबर घेतले. मग दुसरे घेतले. तिसऱ्याला ते स्वतःच फटीशी आले आणि चोच उघडून मोठ्याने ओरडले, भूक लागलेले पिल्लू ओरडते तसे. किती दिवसांनी! धनेशिणीने गळ्यातले एकेक काढून दिले. सगळी संपली तेव्हा तिने डोंगराकडे एकवार पाहिले आणि परत उंबराच्या वाटेला लागली.

तात्पर्य : आपल्या माणसाची वाट जरूर पाहावी, पण पाहता पाहता आपले पंख हलते ठेवावेत, चार उंबरे बाजूला ठेवावीत, आणि भिंत आपल्याला फोडता येईल एवढीच जाड करावी.