कानांसकट माप

फार मागे माळावरची जनावरं दिवसभराची शर्यत लावत. काट्याकुट्यांतून, दगडधोंड्यांतून मावळतीपर्यंत ज्याच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला. थोरांपुढे लहानांवर अन्याय नको म्हणून उंचीवरून तीन गट पाडत, आणि प्रत्येक गटातल्या पहिल्याला वर्षभर ओढ्याकाठचं कुरण मिळे.

त्या वर्षी मापाची काठी कासवआजोबांकडे होती. उंट आला आणि खुशाल गुडघे दुमडून बसला. "जो जसा समोर येईल, तसाच मापायचा," म्हणत आजोबांनी त्याला शेळ्यांच्या लहान गटात घातलं. मागोमाग आलेल्या भुरी गाढविणीला मात्र त्यांनी कानांच्या टोकापर्यंत मापलं आणि थेट घोड्यांच्या गटात ढकललं.

भुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजोबा, मी काय कानांनी पळते?"

"नियम म्हणजे नियम, बाई," उंट बसल्या जागी रवंथ करत म्हणाला.

बिचाऱ्या शेळ्यांचं कुरण तर गेलंच होतं.

इशारा झाला. उंट उठू लागला, तशी भुरी काठी दातांत धरून त्याच्यापुढे आडवी आली. काठी त्याच्या नाकासमोर आपटून ती कडाडली, "खबरदार उठलास तर! बसून माप दिलंस ना? मग आता बसूनच पळ!"