आमचे हे

माणूस मेला की सुटला म्हणतात. म्हणणाऱ्याने इमिग्रेशनची खिडकी पाहिलेली नसते.

कुमुदिनी कुबलांची क्रूझ त्या परदेशी बंदरात एकच दिवस थांबणार होती. तिथे स्थायिक झालेला मुलगा फाटकाबाहेर वाट पाहत होता. खिडकीतला अधिकारी मराठीच निघाला, पण तोरा असा की बंदर जणू याच्या आजोबांनी बांधलेले.

बाईंच्या पिशवीतून त्याने फडक्याने तोंड बांधलेला गडू काढला.

"हे काय?"

"आमचे हे," बाई म्हणाल्या. "थोड्या अस्थी मुलासाठी राखून ठेवल्यात. त्याला बापाचं तोंडही बघता आलं नाही."

अधिकारी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहून हसला. "आजी, मग यांनाही व्हिसा लागेल!"

बाईंनी नवऱ्याचा पासपोर्ट पुढे सरकवला. आत व्हिसा होता.

अधिकारी चपापला, पण हार मानेना. "फोटोशी चेहरा जुळल्याशिवाय आम्ही कोणाला सोडत नाही."

"अर्ज केला तेव्हा जुळत होता, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमचा व्हिसा तेराव्याला आला."

त्याने दोन शिक्के मारले.