महाराजांनी पट फिरवला

"काळी बाजू जिंकली तर सोडतो तुझ्या बापाला! नाहीतर कुजू दे त्याला कोठडीत!" चंद्रोळीचे महाराज भर दरबारात गरजले.

समोर सगुणी उभी होती. तिचा बाप रंगू फरास. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पट मांडायचं काम त्याचं. काल महाराज पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत असताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "काळ्याचा डाव बरा आहे." झालं! उचलून आत टाकला.

"काळ्यांनी मीच खेळते," सगुणी म्हणाली. "पण शब्द तोच ना, महाराज? काळी बाजू जिंकली तर?"

"एकदा सांगितलं ना! दिवाणजी साक्षीला आहेत."

दिवाणजींना पोरीची कीव आली. कारण महाराज कधी हरतच नसत. डाव अंगाशी आला की ते म्हणत, "फिरवा पट!" मग समोरच्याचा जिंकत आलेला डाव महाराजांचा होई आणि दरबार टाळ्या वाजवी. रिवाजच होता तसा. डावात एकदाच, पण तेवढं पुरे.

महाराजांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. सगुणीनं वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकलं.

"हे काय खूळ?"

"सिसिलियन बचाव म्हणतात, सरकार. गोऱ्या पाहुण्यांचे डाव बघून बाबांनी शिकवला."

"बघू, किती टिकतो!"

चांगलाच टिकला. दुपारपर्यंत महाराजांचे दोन्ही हत्ती गेले, वजीर गेला, आणि मात समोर दिसू लागली. महाराजांनी घाम पुसला.

"फिरवा पट!"

पट फिरला. टाळ्या झाल्या. सगुणीनं निमूटपणे एक पांढरं प्यादं सरकवलं. महाराजांनी मात करायला काळा वजीर उचलला, आणि हात तसाच राहिला.

"मात केली तर... काळी बाजू जिंकली?"

"होय, महाराज."

"म्हणजे तुझा बाप सुटला!"

"दिवाणजी साक्षीला आहेत."

"आणि नाही केली तर?"

"तर लोक म्हणतील, महाराजांना नाकासमोरची मात दिसली नाही."

"दिवाणजी, पट पुन्हा एकदा..."

"रिवाज एकदाच, सरकार," दिवाणजी छताकडे बघत म्हणाले.

महाराजांनी वजीर ठेवला. मात! कोणाला टाळी वाजवायचा धीर होईना.

"अगं कार्टे, मग जिंकलं कोण? तू की मी?"

"तुम्हीच, महाराज! मी नुसती बाबांना न्यायला आलेय."

महाराज इतके हसले की पगडी पटावर पडली. रंगू फरास त्याच घटकेला सुटला, आणि तो हस्तिदंती पट सोंगट्यांसकट सगुणीच्या घरी गेला.