एका दांडीचा राजा

विसाजी भानजी कोठावळे, वय वर्षे एकाहत्तर. ज्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे, त्या उन्हाळ्यात त्यांचे वय एवढे होते. तो उन्हाळा कोणत्या शकातला, हे हिंगणतळे गावात आज कोणालाही सांगता येत नाही. फार मागली गोष्ट, एवढेच सांगतात.

विसाजींना कोणी शिकविले नव्हते. तरुणपणी ते रानोमाळ एकटे हिंडत, पडक्या देवळांच्या पायऱ्यांवरील अक्षरांना ओल्या राखेने घासत आणि उमटलेली वळणे बोटाने गिरवीत. असे म्हणतात, की जो दगड इतरांना मुका, तो त्यांच्याशी बोले. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हते. त्यामुळे घरात बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

गावच्या तळ्याकाठी एक शिळा उभी आहे. तिचा खालचा अर्धा भाग पाण्यात असे. वरच्या अर्ध्यावरील अक्षरे विसाजींनी वयाच्या चाळिशीत वाचली: ‘मा यादव’, आणि पुढे ‘तळें’. ‘मा’ म्हणजे महा, असा त्यांनी अर्थ लाविला. महायादव राजाने हे तळे खणविले! गाव हरखून गेला. चावडीवर विसाजींना पाटलाच्या उजवीकडची जागा मिळाली. आणि पाटील म्हणाले, तळे राजाचे, आम्ही राजाचे वंशज. मग येथे पाथरवटांच्या घागरी कशाला? त्या दिवसापासून पाथरवट आळीच्या बायका कोसभरावरच्या ओढ्याचे पाणी वाहू लागल्या.

अशी तीस वर्षे गेली. मग तो उन्हाळा आला, ओढा आटला, आणि आळीतली म्हातारी धोंडाई रिकामी घागर घेऊन थेट विसाजींच्या ओट्यापाशी उभी राहिली.

“आबा, तुमी वाचलंत आन् आमची घागर पालथी पडली. येक इचारू का?”

“विचारा.”

“तळं राजानं खनलं म्हंता. मंग राजाच्या हाताला घट्टे व्हते का वो?”

एवढे बोलून ती हसली आणि निघून गेली. विसाजींना ते हसू बोचले. तळे अर्ध्यावर उतरले होते. ते शिळेपाशी गेले, उघड्या पडलेल्या भागावरचा चिखल त्यांनी खरवडला. खाली आणखी दोन ओळी होत्या. एका ओळीचा शेवट ‘पाथरवट माय’ असा होता. तिच्याखालची ओळ एका उभ्या दांडीने सुरू होत होती, आणि दांडीपुढे ‘दव’ ही अक्षरे होती.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण ‘दे’ लिहिताना मात्रा डोक्यावर देतो. जुने लोक तीच मात्रा अक्षराच्या अलीकडे उभी काढीत. म्हणजे काना आणि मात्रा, दिसायला एकच दांडी. ती मागच्या अक्षराची की पुढच्या, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. पण ओळीच्या आरंभी मागे अक्षरच नसते. तेथे ती दांडी पुढच्याचीच. म्हणजे खाली ‘माय’ आणि ‘देव’, तसेच वरही ‘मा यादव’ नव्हे, ‘मायदेव’. महायादव कोणी नव्हताच. तळे मायदेव नावाच्या पाथरवटाने खणले होते.

विसाजी त्या चिखलात खाली बसले. सर्वांत अधिक त्यांना हे लागले, की वरच्या ओळीतल्या ‘तळें’ या शब्दात त्यांनी ती मात्रा तेव्हाच ओळखली होती. त्याच ओळीत, दोन अक्षरे अलीकडे, त्यांनी काना ठरविला. गावाला राजा हवा होता, आणि राजा देणारा माणूस त्यांना व्हायचे होते.

त्यांनी चावडीवर उभे राहून सांगितले, “मी चुकलो. पाथरवटांच्या घागरींना तळे उघडा.”

पाटील मिशीत हसले. “आबा, ऊन लागलंय तुम्हांला. एका दांडीपायी आमचा बाप बदलायचा व्हय?”

“आणि तीस वर्सं गप बसली व्हती ती दांडी!” कोणी तरी मागून म्हणाले. चावडी हसली. उजवीकडची जागा त्याच दिवशी दुसऱ्याला गेली.

तेव्हापासून विसाजी रोज सकाळी शिळेपाशी उभे राहून त्या दोन ओळी मोठ्याने वाचीत. ऐकायला कोणी नसे. पाणी भरणाऱ्या बायका तोंड फिरवीत, ओळखीचे लोक पलीकडच्या वाटेने जात. त्यांचा आवाज तळ्यावरून जाई आणि तसाच परत येई, तेवढीच सोबत. असे म्हणतात, की प्रत्येक वाचनासरशी पाणी एक बोट खाली उतरे. लोक म्हणत, उन्हाळाच कडक. पण एके सकाळी तळाचा गाळ दिसू लागला, आणि पाटील स्वतः पायऱ्या उतरून आले.

विसाजींनी त्यांचे बोट धरून खालच्या ओळीच्या आरंभी ठेविले. “हा काना म्हणता ना? मग कोणाचा?”

पाटलांनी बोट मागे सरकविले. तेथे कोरा दगड होता. पुन्हा पुढे आणले.

“मागं अक्षरच न्हाई,” ते हळूच म्हणाले. मग पायऱ्यांवरच्या माणसाला ओरडून म्हणाले, “धोंडाईला बोलवा. घागर घेऊन या म्हणावं.”

असे म्हणतात, की धोंडाईने गाळात घागर टेकविली तेव्हा खालून झरा फुटला, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत तळे पायरीला लागले.

गावाने पाणी दिले, पण राजा गेल्याबद्दल विसाजींना क्षमा केली नाही. त्यांच्याकडे पुन्हा कोणी दगड दाखवायला गेले नाही, कागदही नाही. पुढच्या वर्षी ते एकटेच वारले. पाथरवटांनी त्यांना खांदा दिला.

आजही चैत्रात हिंगणतळ्याचे लोक ती शिळा वाचतात. एक जण वाचतो, दुसरा बोट ठेवून पुन्हा वाचतो. दोघांचे जुळल्यावाचून पुढे जायचे नाही. लग्नपत्रिका असो की खरेदीखत, गावात कोणताही लेख असाच दोनदा वाचला जातो. त्याला ‘विसाजीचे बोट’ म्हणतात.

त्या उन्हाळ्यानंतर तळ्यावर पाथरवटांची घागर कोणी अडविली नाही.