आवडाआत्याची चिंधी

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात दवाखाना नव्हता, पण माणसाला घाई मात्र आजच्याइतकीच होती. आसवेळ गावात तेव्हा आवडाआत्या नावाची वैदीण राहायची. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळी, जीभ मात्र कोयत्यासारखी. तिच्या काढ्यानं अर्धा आजार जायचा आणि उरलेला तिच्या बोलण्याला भिऊन पळायचा, असं म्हणतात.

त्या गावचा पाडेली होता धाकू. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. एका पावसाळ्यात त्याला हिवतापानं धरलं. आत्यानं जीव वाचवला. ताप गेला, पण अंगातली ताकद जी गेली ती परतेना. विहिरीपर्यंत गेला तरी धापा टाकायचा.

देवळामागं दोन माड जोडीनं उभे होते. आत्यानं त्यातल्या एकाच्या दुसऱ्या खाचेला लाल चिंधी बांधली. म्हणाली, "आज इथवर. मग उतर, घरी जा, झोप. अंग कुरकुरलं नाही तर चार दिवसांनी एक खाच वर."

"आत्या, एवढं तर शेळीही चढेल!"

"मग शेळीकडून शिक. तिला तरी अक्कल आहे."

पण धाकू कसला ऐकतो! एके सकाळी अंग जरा हलकं वाटलं, तर गडी थेट अर्ध्या माडापर्यंत. खाली गाव टाळ्या पिटतंय! दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस अंथरुणात. आत्या काढा उकळायची नि कपाळ बडवून घ्यायची. "अरे, बरं वाटणं वेगळं नि बरं होणं वेगळं! किती वेळा सांगू?" तो मान डोलवायचा, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा तर त्यानं चिंधीच सोडून सात खाचा वर बांधली आणि साळसूदपणे म्हणाला, वाऱ्यानं गेली असेल. गाठीसकट!

तिसऱ्या वेळी तो असा कोसळला की दोन दिवस डोळे उघडेनात. आत्या उशाशी बसून होती. चौथ्यांदा हा उठणार नाही, हे तिला नाडीवरून कळलं होतं. आणि शुद्धीवर आल्यावर या महाभागाचा पहिला शब्द काय? "नारळी पौर्णिमा किती लांब आहे?" गावाचा पहिला नारळ धाकूच पाडायचा ना, त्याच माडावरून!

आत्याचं डोकंच फिरलं. "मर मग!" म्हणत ती तरातरा घरी गेली. धाकू उठून बसू लागला तशी एका सकाळी परत आली, लुगड्याचा कासोटा घट्ट मारून. त्याला देवळामागं नेलं आणि स्वतः शेजारच्या माडाच्या पहिल्या खाचेत पाय ठेवला.

"तो तुझा माड, हा माझा. मी चढेन तेवढंच तू चढायचं. माझ्यापुढे एक खाच गेलास तर मीही येईन मागोमाग. पडले नि हाडं मोडली, तर दाखव गावाला तोंड."

धाकूचा चेहराच उतरला. म्हातारी खरंच आली असती, हे त्याला ठाऊक होतं.

मग चार दिवसांनी एक खाच, असं सहा महिने चाललं. आत्याचे गुडघे वाजायचे. ती माडाला शिव्या घालायची, धाकूला घालायची, धाकूच्या वाडवडिलांनाही सोडायची नाही. धाकूची नजर सारखी शेजारच्या माडावर. हळूहळू तोच म्हणू लागला, "आत्या, पुरे आता. आज एवढंच."

"हे आधी सुचलं असतं, तर माझे गुडघे वाचले असते, मेल्या!"

नारळी पौर्णिमेला दोघं शेंड्याला पोचली. धाकूला धाप लागली नव्हती. त्यानं एक नारळ पाडला. गावानं आरोळी ठोकली तसा त्याचा हात दुसऱ्याकडे गेला, आणि शेजारून आत्या कडाडली, "पुरे!" त्या आवाजानं दर्यावरच्या होड्यांची वल्हीसुद्धा थांबली, असं म्हणतात. धाकू मुकाट उतरला, आणि पुढे म्हातारा होईपर्यंत चढत राहिला.

आत्या मात्र उतरलीच नाही, असं म्हणतात. असेलही. खाली तिचा कुणावर भरवसा होता?

आसवेळीत आजही आजारातून उठलेल्यासाठी वाटेवरच्या कुंपणाला लाल चिंधी बांधतात. आज इथवर. चार दिवसांनी ती थोडी पुढे सरकते. सोबत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस चालतं, आणि त्याच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. चिंधीपाशी आलं की आजाऱ्यानंच म्हणायचं, "पुरे, आज एवढंच."

ही वाट त्या दोन माडांखाली संपते. तिथं पोचल्यावर जो आनंदाच्या भरात उड्या मारू लागतो, त्याच्यासमोर आत्याच्या माडावरून धप्पकन नारळ पडतो. डोक्यात नाही, पायाशी. वैदीणच ती, स्वतःचं काम कशाला वाढवील?