बारवेतली पावले

एकदा एक वृद्ध वैद्य होते. वैद्यच होते ना, अशी शंका आज मला येते. ही गोष्ट ऐकून साठ वर्षे झाली आणि माझी स्मृती आता तितकी विश्वासू राहिलेली नाही. पण त्यांचा नियम नीट आठवतो. रोग्याच्या नाडीला हात लावण्यापूर्वी शिष्याने रोज सकाळी स्वतःची नाडी गुरूंना दाखवायची. पुरुषाने उजवा हात पुढे करायचा, ही रीत.

एके दिवशी शिष्याने डावा हात पुढे केला.

तीन वर्षे शिकलेल्या मुलाकडून ही चूक होत नाही. वैद्यांनी पाहिले, उजवी बाही बोटांपर्यंत ओढलेली होती. शिष्य डावखुरा होता. महिन्यापूर्वी त्याने ‘काही नाही, घरी जा’ म्हणून परत पाठवलेला एक रोगी वाटेतच दगावला होता. तेव्हापासून हा मुलगा एकांतात स्वतःलाच इजा करून घेत आहे, हे वैद्यांना त्या क्षणी कळले.

भर दुपारी त्यांनी त्याला गावाबाहेरच्या बारवेवर नेले. त्या वेळी तिच्या पायऱ्या कुणी उतरत नसे. मागून कुणीतरी उतरते, असे लोक म्हणत.

“हो पुढे. पाण्यापाशी थांब.”

वर पांढरे ऊन, खाली हिरवट अंधार. पारवेसुद्धा गप्प होते. अर्ध्या वाटेवर शिष्याला पावले ऐकू आली. तो थांबला. पावले थांबली नाहीत. उलट जवळ आली, भराभर.

“गुरुजी, मागे तुम्हीच आहात ना?”

“मी अजून वरच आहे रे!” आवाज फार दुरून आला.

तो धावत पाण्यापर्यंत गेला आणि शेवटच्या पायरीवर बसला. काही वेळाने वैद्य काठी टेकीत खाली आले.

“वैद्य व्हायचंय, आणि स्वतःच्याच काळजाचे ठोके ओळखू येत नाहीत? तोंडावर पाणी मार. आता श्वास सोड. सावकाश. अजून सोड.”

बऱ्याच वेळाने ती पावले एकेक पायरी चढून परत गेल्यासारखी दूर झाली.

वैद्य म्हणाले, “देहात एक राखणदार आहे. वाघ आणि आठवण यांतला फरक त्याला कळत नाही. दोन्हींसाठी तो तोच ढोल बडवतो. तो तुला वाचवायलाच उठलेला असतो. तू जखम करतोस तेव्हा ढोल क्षणभर थांबतो, म्हणून ते औषध वाटतं. पण ढोल परत सुरू होतो, आणि जखम राहते. त्याला गार पाणी कळतं, लांब सोडलेला श्वास कळतो, जिना चढून दमलेले पाय कळतात. सगळ्यांत जास्त कळतो माणसाचा आवाज. ढोल वाजू लागला की मला हाक मार.”

“हे पाप आहे का, गुरुजी?”

“नाही. चुकलेला उपचार आहे.”

“आणि तो रोगी?”

“ते दुःख राहील. दोघं मिळून वाहू. त्या दिवशी तुला एकट्याला रोगी तपासायला बसवून मीच बाहेर गेलो होतो.”

शिष्याने बाही वर केली.

पुढे एका संध्याकाळी तो वैद्यांच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक होता. “गुरुजी, ढोल सुरू झालाय.” वैद्य जेवत होते. ताट सरकवून त्यांनी माठातले पाणी घेतले आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. असे पुढेही पुष्कळदा झाले, पण नवी जखम झाली नाही.

यातले किती खरे, मला सांगता येणार नाही. एवढे मात्र फार वर्षांनी मी एका शरीरशास्त्रज्ञांना विचारून पक्के केले: चेहऱ्याला गार पाणी लागून श्वास क्षणभर थांबला, की माणसाच्या हृदयाचे ठोके खरोखरच मंदावतात.